अठरा प्रमाणपत्रं आणि मुजावर सर

मुजावर सरांची आठवण निघाली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सरांबद्दल नव्हे, आमच्याबद्दल. आम्ही म्हणजे नोएडातली एक कंपनी: काचेची इमारत, फुकट कॉफी, आणि भिंतीवर 'नव्या माणसाला सोपं वाटलं पाहिजे' असं हातभर उंचीच्या इंग्रजी अक्षरांत. तिथे मी चार वर्षं नोकरी केली. मोबाईलच्या पडद्यावर कुठे काय लिहायचं आणि बटण कुठे ठेवायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळायचा. म्हणजे पुढे जे झालं त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकते. बाई स्वतःला धुतल्या तांदळासारखी दाखवतेय, असं नंतर कुणी म्हणायला नको.

आमचं काम ब्लॉकचेनचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी बिचकू नये, मलाही ते कळायला सहा महिने लागले होते. एक जाहीर वही समजा. ती कुणा एकाच्या कपाटात नसते, जगभरच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर तिची तीच प्रत असते, आणि तिच्यात एकदा लिहिलं की खाडाखोड नाही. मात्र प्रत्येक नोंदीला फी पडते, आणि ती रुपयांत नाही, त्या वहीच्या स्वतःच्या नाण्यात भरावी लागते. या फीला सगळे 'गॅस' म्हणतात. हा शब्द ॲपमध्ये नको, साधं 'नोंदणी फी' लिहू या, म्हणून मी मीटिंगमध्ये भांडले होते. जगभर हाच शब्द चालतो यार, असं उत्तर मिळालं. जग म्हणजे कोण, ते मी तेव्हा विचारलं नाही.

फरीदाबादला एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र होतं, कामगारांच्या मुलामुलींना लेथ चालवायला शिकवणारं. तिथली प्रमाणपत्रं आम्ही या वहीत नेणार होतो. कागदी प्रमाणपत्रं नकली निघतात, आमची निघणार नाहीत, असं पटवून आमच्या साहेबांनी, म्हणजे करणनं, संस्थेला कागद बंदच करायला लावला. विद्यार्थ्यानं आमचं ॲप उघडायचं, 'प्रमाणपत्र घ्या' हे बटण दाबायचं, दोन रुपयांच्या आसपास फी भरायची, की प्रमाणपत्र वहीत चढलं. कारखान्यानं ते एका लिंकवर तपासायचं. ऐकायला झकास.

त्या केंद्रात मुजावर सर लेथ शिकवायचे. वय अडुसष्ट. मूळचे सांगलीकडचे, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये वर्षभरासाठी म्हणून फरीदाबादला आले आणि चाळीस वर्षं राहिले. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातूनच हिंदीत सुरुवात केली, कंपनीचं नाव सांगितलं, माझं आडनाव सांगितलं. आडनाव ऐकून ते म्हणाले, "मग मराठीत बोला की ताई. त्या हिंदीचे हाल कशाला करताय?"

मशीनला हात लावण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून खिळ्याला अडकवत. अंगठी कधी घातली नाही, लग्नातलीसुद्धा बायकोच्या डब्यात ठेवून दिली होती म्हणे. पाहुणी असो की विद्यार्थिनी, ओढणी पाठीमागे गाठ मारून बांधल्याशिवाय शेडमध्ये प्रवेश नाही. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनाही त्यांनी पदर खोचायला लावला होता. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी कायम. बोलता बोलता ती बाहेर यायची आणि समोरच्या कशाचंही माप घेऊन परत आत जायची, बिस्किटाचंसुद्धा.

पत्ता सांगण्याची त्यांची एक तऱ्हा होती. मेट्रोच्या अमुक गेटमधून बाहेर, डाव्या हाताला एकशे चाळीस पावलं, निळं शटर. मी मोजली तर एकशे त्रेसष्ट झाली. खवचटपणे तसं सांगितलं, तर त्यांनी गंभीरपणे माझी उंची विचारली. पुढच्या वेळी वीजकचेरीजवळचा चहावाला सांगताना म्हणाले, तुमची चौऱ्याण्णव. बरोबर चौऱ्याण्णव निघाली.

त्यांचं एक वाक्य सगळ्या शेडला पाठ होतं: "माप नाही, तर काम नाही." ड्रॉइंगवर एखादं माप लिहायचं राहिलं असेल, तर ते ड्रॉइंग परत पाठवायचं. अंदाज करायचा नाही. अंदाज स्वयंपाकात करा, इथं नाही, असं ते मुलींनाही सांगत आणि मुलांनाही, आणि मुलांना जास्त जोरात. कारखान्यात असताना एकदा वरून ड्रॉइंग आलं, त्यात दांड्यावरच्या एका खाचेची खोली लिहिलेलीच नव्हती. सरांनी ते परत पाठवलं आणि अख्खी पाळी मशीन बंद ठेवलं. इंजिनियर येऊन आरडाओरडा करून गेला, की इतकी वर्षं काम करतोस, तुला कळत नाही किती असेल ते? सर म्हणाले, कळतं. पण माझं कळणं चुकलं तर तो दांडा कुठल्यातरी गावात कुणाच्यातरी हातावर तुटेल, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल ड्रॉइंगमध्ये तसं नव्हतं. ही गोष्ट ते फुशारकीनं सांगत नसत. मशीन बंद राहिल्याचं त्यांना वर्षानुवर्षं वाईट वाटत होतं.

असा माणूस आमचं ॲप वापरायला बसला. तपासणीसाठी मी त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि शेजारी वही घेऊन बसले. आमच्या ऑफिसातली पोरं ॲप कसं वापरतात? न वाचता, पुढे, पुढे, पुढे. सर प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत आणि लिहिलंय तेवढंच करत. जिथं लिहिलेलं संपायचं तिथं हात गुडघ्यावर ठेवून थांबत. एक पडदा पार करायला वीस मिनिटं लागली. ऑफिसात परत येऊन मी सांगितलं, तेव्हा करण म्हणाला, अंकल स्लो हैं. मीही हसले होते. आता आठवलं की लाज वाटते.

आमच्या ॲपमध्ये खातं उघडलं की बारा इंग्रजी शब्द दिसतात. तीच त्या खात्याची किल्ली. 'हे शब्द लिहून घ्या आणि सुरक्षित जागी ठेवा', असं मी खाली लिहिलं होतं. दोन आठवड्यांनी शेडमध्ये गेले तर मला घेरीच यायची बाकी राहिली. समोरच्या भिंतीवर, जिथं गेज आणि स्पॅनर आपापल्या खिळ्याला टांगलेले असत, तिथं ॲल्युमिनियमच्या अठरा पट्ट्या ओळीनं लटकत होत्या. प्रत्येकीवर हजेरी क्रमांक, आणि त्याखाली अक्षरांच्या पंचनं ठोकलेले ते बारा शब्द. सुबक, सरळ रेषेत. सरांनी त्याचा तास घेतला होता. पंचिंगचा सराव पण झाला आणि तुमचं कामही झालं, म्हणाले.

मी घाईघाईनं समजावलं, की हे शब्द जो वाचेल तो खातं उघडू शकतो, भिंतीवर काय लावताय. सर रागावले नाहीत.

"ताई, तुम्ही लिहिलंत सुरक्षित जागा. ह्या भिंतीवरून बावीस वर्षांत एक पाना गेलेला नाही, ह्याहून सुरक्षित जागा मला माहीत नाही. आता हरवू नये म्हणून सुरक्षित, का कुणी वाचू नये म्हणून सुरक्षित? ही दोन वेगळी मापं झाली. तुम्ही एकच लिहिलंत, तेही अर्धं."

पट्ट्या त्याच दिवशी उतरवल्या, पोरांनी आपापल्या घरी नेल्या, घरी कुठं ठेवायच्या तेही सरांनी एकेकाला विचारून पक्कं केलं. मी ऑफिसात जाऊन ते वाक्य बदललं. इतकी मोठी कंपनी, एवढे पगार, आणि ही चूक दाखवायला फरीदाबादच्या शेडमधला म्हातारा लागला.

जानेवारीत परीक्षा झाली. अठराही पास झाले. पहिली आली रजनी. बावीस वर्षांची, वडील इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात, घरात तिच्यामागे दोन बहिणी. कमी बोलायची, पण तिनं काढलेला दांडा सर मायक्रोमीटरनं मोजत आणि काही न बोलता पुढच्याकडे वळत. त्यांच्याकडे ही सर्वांत मोठी शाबासकी होती. एका मोठ्या कारखान्यानं नवशिक्या टर्नरच्या जागा काढल्या होत्या, त्यांनी रजनीचं काम बघितलं आणि तिला घ्यायचं ठरवलं. एवढंच म्हणाले, शनिवारी दुपारी बारापर्यंत प्रमाणपत्राची लिंक भरा. कागद चालणार नाही, कारण तुमच्याच संस्थेनं कळवलंय की कागद बंद.

सोमवारी अठरा जणांनी बटण दाबलं. अठरा फोनांवर एकच ओळ आली, तांबड्या अक्षरांत: 'अपुरा गॅस'. बस. गॅस म्हणजे काय, तो कुठे मिळतो, किती लागतो, कोण देतो, काही नाही. कुणी म्हणालं सिलिंडरशी काहीतरी असेल, कुणी फोन बंद करून चालू केला. पोरंच ती. सरांनी सगळ्यांना फोन खाली ठेवायला लावला आणि मला फोन केला.

मी त्यांना सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच कानाला ते कसं लागत होतं म्हणून सांगू. फी दोन रुपये. पण ती त्या वहीच्या नाण्यात. ते नाणं विकत घ्यायला दुसऱ्या एका कंपनीत खातं उघडा. त्याला पॅन, आधार, बँकेचं खातं, तोंडाचा फोटो. मग ते लोक पडताळणी करणार, दोन दिवस, चार दिवस, त्यांची मर्जी. मग नाणं घ्यायचं, पण दोन रुपयांचं मिळत नाही, शंभराचं तरी घ्या. आणि ते तिथून आपल्या ॲपमध्ये आणायचं तर आणण्याची वेगळी फी, मूळ फीच्या कितीतरी पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अठरापैकी अकरा जणांकडे पॅन कार्डच नव्हतं.

आणि हे आमच्यापैकी कुणाला आधी कसं कळलं नाही? कारण ऑफिसात तपासणी करताना आम्ही खोटी नाणी वापरायचो. सरावासाठी एक वेगळी वही असते, तिच्यातली नाणी मागाल तितकी फुकट. मी ते बटण शेकडो वेळा दाबलं आणि एकदाही खरी फी भरली नव्हती. माझ्याकडे खरं नाणं एकसुद्धा नव्हतं. पोहायला शिकवणारा कोरडाठाक, असला प्रकार.

सरांनी स्वतःच्या नावानं खातं उघडलं. अडुसष्टाव्या वर्षी, चष्मा काढून, चष्मा घालून, मान डावीकडे, मान उजवीकडे, असे फोटो काढून दिले. पडताळणी शुक्रवारी दुपारी झाली. नाणं घेतलं. रजनीच्या खात्यावर पाठवायला गेले तर पडद्यावर प्रश्न: कुठल्या नेटवर्कवरून पाठवायचं? तीन नावं, तिघांची फी वेगळी, आणि फरक काय ते कुठंही लिहिलेलं नाही. सर अर्थातच थांबले. हात गुडघ्यावर ठेवून थांबले असणार, मला दिसतंय. मदतीच्या नंबरावर तासभर यंत्रच बोलत राहिलं. मग त्यांनी मला फोन केला.

मी गुडगावला मीटिंगमध्ये होते. बाहेर येऊन घेतला. त्यांनी तिन्ही नावं शांतपणे वाचून दाखवली आणि विचारलं, माप कुठलं? आतून मला हाका मारत होते. मी म्हणाले, "सर, नाणं तेच आहे ना, मग कुठलंही चालेल, स्वस्त असेल ते निवडा."

"नक्की ना ताई?"

"नक्की."

कारखान्यात ज्यानं अख्खी पाळी मशीन बंद ठेवलं होतं, त्या माणसानं आयुष्यात एकदाच अंदाजावर काम केलं, आणि तो अंदाज माझा होता.

नाणं गेलं. हवेत गेलं नाही, तसं असतं तर परवडलं असतं. ती तीन नेटवर्कं म्हणजे तीन वेगळ्या वह्या होत्या; नाणं रजनीच्याच पत्त्यावर पोचलं, पण दुसऱ्याच वहीत. आमच्या ॲपला ती वही दिसतच नाही. तिथून परत आणायचं तर तिथली फी, तिथल्या नाण्यात. हसावं की रडावं तुम्हीच सांगा. मला हे कळलं शनिवारी सकाळी. कंपनीचं खऱ्या नाण्यांचं एक खातं होतं, पण त्यातून काही काढायला करणची परवानगी लागायची. तो जयपूरला लग्नात. मी चार वेळा फोन केला. पाचव्यांदा उचलला आणि म्हणाला, दो रुपये की ही तो बात है यार, मंडे को देखते हैं.

बारा वाजले. रजनीची जागा गेली. दुपारी सरांनी मला एवढंच कळवलं, की कारखान्याच्या गेटवर जाऊन आलो, तिनं काढलेला दांडा त्यांच्या फोरमननं मोजला, चांगला आहे म्हणाला, पण कॉम्प्युटरमधला रकाना रिकामा आहे म्हणाला. माझ्यावर एका शब्दानं चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी ते नोएडाच्या ऑफिसात आले. मेट्रो बदलत बदलत, हातात गुंडाळी. काचेच्या खोलीत करण, मी आणि आमचा एक इंजिनियर. सरांनी गुंडाळी उघडली. आमच्या ॲपचे सगळे पडदे त्यांनी कागदावर छापून आणले होते, आणि जिथं जिथं काही लिहायचं राहिलं होतं तिथं तिथं तांबड्या पेन्सिलीनं गोल केलेला. गोलांनी कागद भरले होते. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली पट्टीनं आखलेला एक चौकोन, त्यात तीन ओळी: काढणारा, तपासणारा, मंजूर करणारा. कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगला हा चौकोन असतो. तिन्ही सह्या नसतील तर ते ड्रॉइंग मशीनपर्यंत पोचत नाही. सर म्हणाले, तुम्ही विसरला होता, म्हणून मी आखून आणलाय, सह्या करा.

करण हसला. मोठ्या मनानं समजावतो आहोत, असं त्याला वाटत होतं. म्हणाला, अंकल, यही तो इसकी ख़ूबसूरती है, इसमें कोई मालिक ही नहीं होता. शिवाय माणूस स्वतःच्या खिशातले दोन रुपये भरतो तेव्हाच त्याला वस्तूची किंमत कळते, असंही म्हणाला.

सरांनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं आणि टेबलावर ठेवलं. "लीजिए. रजनी की फ़ीस काट लीजिए."

कुणी हात पुढे केला नाही. करणार कसा? जगातलं सगळ्यात पुढचं तंत्रज्ञान म्हणवणाऱ्या आमच्या कंपनीत दोन रुपये घेण्याची सोय नव्हती. करणनं पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला.

मग सर म्हणाले, "जिस काग़ज़ पर किसी के दस्तख़त नहीं होते, साहब, उसकी ग़लती कारीगर के नाम जाती है."

मी पेन घेऊन प्रत्येक कागदावर 'काढणारा'समोर सही केली. इंजिनियरनं माझ्याकडे पाहिलं आणि 'तपासणारा'समोर केली. करणनं केली नाही. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर मी इंजिनियरला विचारलं, ही फी आपणच परस्पर भरली तर काय बिघडतं? तो म्हणाला, काहीच नाही, चार दिवसांचं काम आहे. मग का नाही करत? तर पैसे घालणाऱ्या लोकांना दाखवायला करणला आकडा हवा होता: इतक्या जणांनी स्वतः नाणी विकत घेतली, इतकी खाती जिवंत. सगळी मेख तिथं होती. नव्या माणसाला सोपं वाटलं पाहिजे म्हणे. सोंगाडे मेले.

पुढच्या आठवड्यात मीही खातं उघडलं, खरं नाणं घेतलं, आणि सरांना म्हणाले, मी रजनीची फी भरते. ते नको म्हणाले. आज रजनीची भराल, उरलेल्या सतरांची? पुढच्या बॅचची? ड्रॉइंग दुरुस्त होईपर्यंत कुणीच बटण दाबायचं नाही, असं त्यांनी पोरांना सांगितलं होतं. त्यांनी हिशेब केला होता. जुलैत त्याच कारखान्यात परत जागा निघणार होत्या, पगार जास्त, अट एकच: प्रमाणपत्र निदान सहा महिने जुनं हवं. जानेवारीत पास झालेत, जुलैत सहा महिने पुरे होतात, तोवर कुणाचं नुकसान नाही. पोरांनी ऐकलं. रजनी तोवर खोक्यांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली.

अठरा खाती निपचित पडून राहिली. संस्थेच्या दुसऱ्या केंद्रानंही सरांचं बघून बटणं दाबायचं थांबवलं. करणचा आकडा हलेना. अखेर मे महिन्यात, पैसेवाल्यांची मीटिंग तोंडावर आली तेव्हा, चार दिवसांचं ते काम चार दिवसांत झालं. फी कंपनी भरणार. पडद्यावर फी हा शब्दच उरला नाही.

मी स्वतः फरीदाबादला गेले. उन्हानं शेडचे पत्रे तडतडत होते, कूलर नुसती गरम हवा फेकत होता. सर्व अठरा जण आले होते, रजनी पाळी बदलून आली होती. सरांनी पहिलं बटण तिला दाबायला सांगितलं. दाबलं. दोन सेकंदांत प्रमाणपत्र आलं, तिचं नाव, फोटो, विषय, सगळं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. सरांनी फोन हातात घेतला आणि सवयीप्रमाणे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागले. शेवटच्या ओळीवर थांबले.

"ताई, तारीख आजची का आहे?"

मी पाहिलं. मे महिना. त्या दिवसाची तारीख. प्रमाणपत्र वहीत चढतं ते बटण दाबल्यावर, आणि वही तारीख घालते ती चढण्याची, पास झाल्याची नाही. हे मी कुठंही लिहिलं नव्हतं. लिहिणार कशी, मला स्वतःलाच सुचलं नव्हतं. जुलैत रजनीचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचं नाही, दोन महिन्यांचं असणार होतं.

सर म्हणाले, दुरुस्त करा. मी म्हणाले, होत नाही सर, ह्या वहीत खाडाखोड नाही. उरलेल्या सतरांना मी थांबा म्हणाले, त्यांच्यासाठी पास झाल्याची तारीख घालायची सोय करून घेऊ, आणि नंतर ती मी भांडून करून घेतलीही. पण रजनीचं लिहून झालं होतं. पहिली आली म्हणून पहिलं बटण तिचं.

मी माफी मागायला तोंड उघडलं. सरांनी हातानं थांबवलं.

"तुम्ही नाही ताई. पोरांना मी थांबवलं होतं. ही चूक माझी."

आजही हे लिहिताना माझा राग शमलेला नाही. करण पुढे मोठ्या पदावर गेला. मी नोकरी सोडली आणि दुसरी धरली, पगार वाढवून. बटण काढणारे, तपासणारे, मंजूर करणारे, पैसे घालणारे, एवढी माणसं त्या कामात होती; चूक माझी म्हणणारा त्यांच्यात एकच निघाला, आणि चूक त्याची नव्हतीच.

सर रजनीकडे वळले. तिला हिंदीत तारखेचं सगळं नीट समजावून सांगितलं, काहीही न वगळता, जुलैची जागा आता मिळणार नाही इथपर्यंत. मग त्या बावीस वर्षांच्या पोरीपुढे त्यांनी हात जोडले. ती घाबरून मागे सरली, सर, ऐसे मत कीजिए, म्हणत राहिली, तिला त्यांचे हात धरून खाली करावेसे वाटत होते आणि धरवत नव्हते. बाकीची पोरं खाली बघत उभी होती. मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. शटरपाशी मागे वळून पाहिलं, तेव्हाही त्यांचे हात जोडलेलेच होते.